पावसात दारात आलेली टर्कीची पिल्लं : कोंबडीचं पिल्लू समजून वाढवू नका

पाऊस धरला की आमच्या मुळशी साइडला हे ठरलेलं, फार्महाऊसवाल्यांनी हौसेनं पाळलेली टर्कीची मादी कुठंतरी झुडपात अंड्यांवर बसते, 28 दिवसांनी पिल्लं घेऊन बाहेर येते आणि कुत्रं मागं लागलं की आई एकीकडं पिल्लं दुसरीकडं. मग कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पार्किंगमध्ये चिवचिव सुरू. आपण काय करतो, तांदळाची कणी टाकतो अन् सरळ कोंबड्यांत सोडून देतो. मीपण तेच केलं होतं, त्याचं पुढं सांगतो.

आधी पिल्लू टर्कीचंच आहे ना बघा. चोचीच्या वर कपाळाशी बारीक मांसल उंचवटा दिसतो, तीच पुढं लोंबणारी सोंड होते. मोराच्या पिल्लाला ती नसते, थोडं मोठं झालं की डोक्यावर तुरा येतो. हे सांगायचं कारण म्हणजे पावसाळा मोरांचाही विणीचा काळ, मोराची चिंचोली लांब राहिली, इथल्या टेकड्यांवरपण लांडोरी पिल्लं घेऊन फिरतात. मोर 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो, घरी ठेवायचा नाही, वनखात्याच्या 1926 वर फोन करा. आणि टर्कीच असेल अन् पाऊस थांबलेला असेल तर थोडा वेळ लांबूनच बघा, आई येत असेल तर दोघांना एकत्रच आडोशाला घ्या.

आई नाहीच आली तर पहिलं काम म्हणजे ऊब, खाणं नंतर. ओलं पिल्लू फडक्यानं टिपायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचं तूस घालायचं (नुसता पेपर नको, पाय घसरून फाकतात आणि मग सरळ होत नाहीत), वर 60 वॅटचा पिवळा बल्ब. एलईडीला ऊब नसते हो, तो लावून "बल्ब तर चालू होता" म्हणणारे लोक बघितलेत मी. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं, थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर बल्ब वर घ्या. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

आता खरी गोम. टर्कीचं पिल्लू समोर भरलेलं ताट असताना उपाशी मरतं. त्याला खाणं-पाणी शोधायचं पटकन कळत नाही, नजरही जरा मंद. म्हणून उथळ ताटलीत पाणी, त्यात रंगीत गोट्या टाकायच्या, चकाकतं त्यावर ते चोच मारतं आणि पाणी लागतं, शिवाय बुडत पण नाही. पहिल्यांदा चोच हळूच पाण्यात टेकवा. खाद्यावर बोटानं टकटक करा, आई तसंच करते. पहिले 15 दिवस दहा पिल्लांमागं एक उकडलेलं अंडं कुस्करून आणि लिटरभर पाण्यात 100 मिली दूध, हे पाणी रोज बदला नाहीतर आंबतं. सोबत बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा लसूणघास.

पोत्यातलं खाद्य आणायचं तर टर्कीच्या पिल्लाला 28 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, कोंबडीच्या स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या खाद्यात) 20-22 असतं, म्हणून अंडं चालू ठेवायचं. पण लेबल नक्की वाचा, ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी सॅलिनोमायसिन घातलेलं असू शकतं, कोंबडीला चालतं, टर्कीला विषारी आहे. दुकानदार म्हणेल "सगळ्यांना हेच देतात", ऐकू नका.

आणि माझी चूक. दोन पिल्लं कोंबड्यांच्या खुराड्यात सोडली, महिनाभर मस्त होती, मग पंख पाडून बसायला लागली, विष्ठा गंधकासारखी पिवळी, आठवड्यात दोन्ही गेली. ब्लॅकहेड म्हणतात त्याला. कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांमधून आणि गांडुळांमधून तो येतो, कोंबडी ठणठणीत दिसते आणि टर्कीचं लिव्हर जातं. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळं जिथं आधी कोंबड्या होत्या तिथंसुद्धा ठेवू नका, खुडूक कोंबडीखाली पिल्लं द्यायचा मोह पण टाळा. पिवळी विष्ठा दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, 1962 वर फोन केला तर फिरतं पथक मिळतं.

बाकी डासांमुळं देवी (अंगावर फोड येणारा पक्ष्यांचा रोग) येते म्हणून खोक्याला जाळी, बोक्यापासूनही वाचतात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारा. हाताळल्यावर साबणानं हात धुवा आणि आजूबाजूला बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर हात न लावता आधी दवाखान्यात कळवा.

या सगळ्यात आसपासच्या फार्महाऊसवर विचारत राहा, पिल्लं कुणाची तरी असतातच. मालक मिळाला तर तुम्ही पिल्लांना काय खायला घालत होतात ते सांगून द्या, एकदम खाद्य बदललं की हगवण लागते. नाहीच मिळाला तर निदान आठ आठवडे पावसात मोकळी सोडू नका, नंतरही सकाळचं दव वाळल्यावरच बाहेर.