आरएक्स-७ चा बूस्ट पडतोय? टर्बो बदलण्याआधी हे तपासा

मझदा आरएक्स-७ ची एफडी पिढी १९९१ ते २००२ या काळात बनली, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता वीस वर्षांच्या पुढे गेली आहे. अशा गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, पडून ती ओढेनाशी झाली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "टर्बो गेला." बहुतेक वेळा टर्बो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरून आत हवा कोंबणारा पंखा, धडधाकट असतो. त्याला हुकूम देणारी एखादी रबराची नळी कडक होऊन चिरलेली असते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. या गाडीत दोन टर्बो आहेत, पण ते सुरुवातीपासून एकत्र काम करत नाहीत. कमी आरपीएमला इंजिनातून निघणारा जवळपास सगळा वायू पहिल्या टर्बोला मिळतो, म्हणून बूस्ट लवकर येतो. ४५०० आरपीएमच्या सुमारास झडपा उघडतात आणि दुसरा जोडीला येतो. तो एकदम थंडा सुरू होऊ नये म्हणून त्याच्याकडे थोडा वायू आधीच सोडून त्याला फिरता ठेवलेलं असतं. निरोगी गाडीत बूस्ट गेजचा (बूस्ट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा १० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) जातो, ४५०० ला क्षणभर ८ पर्यंत उतरतो आणि परत १० वर येतो. 'दहा-आठ-दहा' हा आकडा पाठच करून ठेवा.

आता काटा वाचा. गाडीत बूस्ट गेज नसेल तर पहिला खर्च त्यावर करा, बाकी सगळं नंतर. इंजिन नीट गरम झालं की बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या गियरमध्ये २५०० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. गेजचं मोबाइलवर शूटिंग घ्या आणि नंतर सावकाश बघा. ते कामही शेजारी बसलेल्याला द्या, चालवणाऱ्याने गेजकडे बघत बसू नये.

सुरुवातीला ५-६ पीएसआयच मिळतात आणि ४५०० नंतर १० येतात? मग पहिल्या टर्बोचा दाब कुठेतरी वाया जातोय. दुसऱ्या टर्बोच्या हवेच्या वाटेवरची चार्ज कंट्रोल झडप नीट मिटत नसेल, किंवा त्याच्याकडे इंजिनाचा वायू सोडणारी टर्बो कंट्रोल झडप आधीच उघडी असेल. उलट सुरुवात झकास, पण ४५०० नंतर काटा कोसळून वर येतच नाही, तर दुसरा टर्बो कामावर आलेलाच नाही. मध्ये खोल खड्डा पडून परत १० येत असतील तर दुसऱ्याला आधीपासून फिरतं ठेवणारी प्रीकंट्रोलची बाजू बघा. सगळ्याच आरपीएमला बूस्ट कमी असेल तर साधी गळती शोधा. तुंबलेल्या प्री-कॅटमुळेही (टर्बोनंतर धूर साफ करणाऱ्या पहिल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळेही) असंच होतं.

गळती शोधायला मोठे पाइप आधी घ्या: टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे रबरी जोड, सैल क्लॅम्प, टर्बोनंतरचे प्लास्टिकचे भाग. हवा आत घ्यायच्या तोंडांना बूच लावून कॉम्प्रेसरने १० पीएसआयच्या आत हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. थोडी हवा इंजिनातून निसटणारच, तिच्या आवाजाला फसू नका. बुडबुडे कुठे येतात ते बघा.

इथे काही सापडलं नाही तर मग खरं काम सुरू होतं. वरचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटणारा पाइपांचा भाग) उतरवला की खाली सोलेनॉइडांची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपांची, रांग आणि बारीक नळ्यांचा असा गुंता दिसतो की शेवयांचं पातेलं उपडं झाल्यासारखं वाटावं. टर्बोच्या उष्णतेने या नळ्या वाळतात. बोटांनी वाकवल्यावर कडकन आवाज आला तर ती नळी संपली. एकच बदलून थांबू नका, सगळ्या सिलिकॉनच्या टाका, कारण बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. मात्र एक काढा, एक लावा, आणि आधी भरपूर फोटो काढा. काही नळ्यांच्या आत बारीक भोकाची गोळी असते. ती जुन्या नळीबरोबर कचऱ्यात गेली की बूस्टचा सगळा हिशोब बिघडतो.

एकेरी वाल्व्हही याच वेळी तपासा. बूस्ट चालू असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, तेव्हा काही झडपा हलतात त्या एका छोट्या टाकीत साठवलेल्या व्हॅक्यूमवर. एकेरी वाल्व्ह गळका असेल तर ऐन वेळी टाकी रिकामी. तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. परत लावताना दिशा चुकवू नका.

अ‍ॅक्च्युएटरला (दांड्याने झडप हलवणाऱ्या डबीला) दाबाचा किंवा व्हॅक्यूमचा, जो लागू असेल तो हातपंप लावा. दांडा पूर्ण हलला पाहिजे आणि पंप थांबवल्यावर तिथेच राहिला पाहिजे. हळूहळू परत आला तर आतला पडदा फाटलाय. सोलेनॉइडला १२ व्होल्ट दिल्यावर 'टक्' वाजलं म्हणजे तो ठीक असं समजू नका. वीज देऊन आणि काढून, दोन्ही वेळा फुंकून हवेची वाट बदलते का तेही बघा.

काटा १२-१३ च्या वर जात असेल तर अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा. ज्यादा बूस्ट आणि अपुरं पेट्रोल एकत्र आले की इंजिनात डिटोनेशन होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी स्फोटासारखं पेटतं, आणि रोटरी इंजिनचे एपेक्स सील (फिरत्या रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) ते सहन करत नाहीत. वेस्टगेटची (जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) नळी निसटलीय का बघा. प्री-कॅट काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बसवलेल्या गाडीत कंपनीचं वेस्टगेट पुरं पडत नाही. तिथे नळ्या बदलून उपयोग नाही, वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्यावं लागतं.

टर्बो सगळ्यात शेवटी. हवेचा पाइप काढून चाक बोटाने फिरवा. आडवा किंचित खेळ चालतो, पण पुढे-मागे हलत असेल किंवा पाती भिंतीला घासत असतील तर मात्र तो खरंच गेला.

सगळं जुळवल्यावर चाचणी दोनदा घ्या: इंजिन गरम झाल्यावर एकदा, आणि अर्धा तास गाडी पळवून परत एकदा. पहिल्या वेळी दहा-आठ-दहा आणि दुसऱ्या वेळी गडबड, असं झालं तर उष्णतेने अडकणारा सोलेनॉइड अजून त्या रांगेत आहे.