आयोडीनचं द्रावण आणि टायट्रेशन: या चुका टाळा

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत दर वर्षी मुलं नवी येतात, पण आयोडीनच्या बाबतीतल्या चुका मात्र त्याच असतात. त्यातली बहुतेक घाईपोटी होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक द्रावण बनवतानाची. लिटरभर पाण्यात खोलीच्या तापमानाला आयोडीन विरघळतं जेमतेम 0.3 ग्रॅम. डेसिनॉर्मल (N/10, म्हणजे नॉर्मलच्या दहाव्या भागाएवढ्या तीव्रतेच्या) द्रावणाला लागतं 12.7 ग्रॅम. म्हणजे नुसतं पाणी घालून तासभर ढवळलंत तरी तळाशी काळे चकचकीत स्फटिक तसेच राहणार. म्हणून पोटॅशियम आयोडाइड घ्यायचं. आयोडाइड आयन आयोडीनच्या रेणूशी जोडला जाऊन ट्रायआयोडाइड तयार होतो, आणि तो पाण्यात सहज राहतो. पण इथेही क्रम चुकतो. मुलं आयोडाइड, आयोडीन आणि लिटरभर पाणी एकदमच ओततात. आयोडाइड इतकं पातळ झालं की आयोडीन विरघळायला फार वेळ लागतो.

एकदा विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी असंच झालं. नव्याने लागलेल्या मदतनिसाने सगळं एकत्र ओतलं होतं. स्फटिक विरघळेनात, घरी जायची वेळ झालेली, म्हणून त्याने फ्लास्क बर्नरवर ठेवला. मी आत शिरलो तेव्हा फ्लास्कच्या तोंडातून जांभळी वाफ निघत होती आणि मानेच्या थंड काचेवर काळे चकचकीत कण जमत होते. मोजून घेतलेलं आयोडीन डोळ्यांदेखत हवेत जात होतं. आधी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, कारण ही वाफ डोळ्यांना आणि घशाला चांगलीच झोंबते. मग ते द्रावण टाकून दिलं आणि रात्री साडेआठपर्यंत बसून नवं केलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. 20 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड फक्त 30-40 मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, त्यात आयोडीन घालायचं, काचेचं बूच लावून अधूनमधून हलवायचं. शेवटचा स्फटिक गेल्याशिवाय पुढचं पाणी नाही. तयार द्रावण तपकिरी बाटलीत, तेही काचेच्याच बुचाचं. रबराचं बूच आयोडीन खाऊन टाकतं.

आयोडीन उघड्या कागदावर तोलू नका. आकडा खाली सरकत राहतो आणि तराजूची धातूची ताटली खराब होते. झाकणाची वजनबाटली वापरा.

दुसरी चूक स्टार्चची. टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधून (खुणा केलेल्या, तोटीच्या नळीतून) हायपो, म्हणजे आयोडीन संपवणारं सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, सोडायच्या आधीच मुलं फ्लास्कमध्ये स्टार्च ओततात, कारण आयोडीनमुळे स्टार्चला येणारा निळा रंग लगेच बघायचा असतो. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला की ते त्याच्या साखळ्यांच्या वेटोळ्यांत घट्ट अडकतं आणि सावकाश सुटतं. मग एंड पॉइंट (रंग जाऊन टायट्रेशन संपल्याची खूण) लांबत जातो, थेंबामागून थेंब पडत राहतात, तीन रीडिंगं तीन तऱ्हेची येतात आणि दोष जातो ब्युरेटला. आधी नुसता हायपो सोडा. गडद तपकिरी द्रावण वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं झालं, की मग स्टार्च घाला. निळा रंग एका थेंबात जातो, आणि ते बघण्यात खरा आनंद आहे. स्टार्चही त्याच दिवशी उकळून केलेला हवा. आठवड्यापूर्वीची बाटली, वर बुरशीचा थर, आणि “सर, रंगच येत नाही”, हे मी कितीदा ऐकलंय!

रंग गेल्यावर काही मिनिटांनी पुन्हा निळसर झाक आली तर परत हायपो सोडू नका. आम्लामुळे हवेतला ऑक्सिजन आयोडाइडचं आयोडीन करतो. पहिलं रीडिंग धरा.

द्रावण गरम असताना स्टार्चची परीक्षा करू नका. निळा रंग उष्णतेने जातो, थंड झाल्यावर परत येतो.

आणि आयोडीन वितळतच नाही, थेट वाफ होतं, असं तोंडी परीक्षेत सांगू नका. नेहमीच्या हवेच्या दाबाला ते 113.7 अंश सेल्सिअसला वितळतं आणि 184 अंशांना उकळतं. त्याआधीच भरपूर वाफ निघते, म्हणून संप्लवनाचं उदाहरण म्हणून ते देतात. पण झाकलेल्या नळीत थोडं जास्त आयोडीन सावकाश तापवलं, की तळाशी काळपट द्रव हलताना स्वच्छ दिसतो. मी दर वर्षी धूर-कपाटात हे करून दाखवतो.

शेवटचं: आयोडीन आणि अमोनियाच्या बाटल्या एका फळीवर कधीही नकोत. दोन्ही मिळून जो काळा साका बनतो, तो वाळल्यावर नुसत्या स्पर्शाने फुटतो.