सी लायब्ररीतलं कॉलिंग कन्व्हेन्शन विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्लॅटफॉर्मवर कसं सांभाळावं

लिनक्सवर नीट चालणारी लायब्ररी 32-बिट विंडोजवर नेली, कॉलबॅक (लायब्ररी उलट हाक मारते ते तुमचं फंक्शन) एकदा चालला आणि पुढे भलत्याच ओळीवर प्रोग्राम कोसळला, तर आधी कॉलिंग कन्व्हेन्शन तपासा, म्हणजे फंक्शनला आर्ग्युमेंट कशी द्यायची आणि नंतर स्टॅक कोणी साफ करायचा याचा ठराव. त्याचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे: सीडेक्ल (cdecl) आणि एसटीडीकॉल (stdcall). सीडेक्लमध्ये स्टॅक साफ करतो कॉल करणारा. एसटीडीकॉलमध्ये कॉल झालेलं फंक्शन. फंक्शन एसटीडीकॉल असताना तुम्ही त्याला सीडेक्ल समजून हाक मारली, तर दोन इंट आर्ग्युमेंटचे 8 बाइट स्टॅकवरून दोनदा काढले जातात. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे.

पहिलं काम हेडरमध्ये. एक मॅक्रो ठेवा: विंडोजवर त्याचा अर्थ एसटीडीकॉल, बाकी सगळीकडे रिकामा. ओपनजीएलचा एपीआयएन्ट्री हेच करतो. हा मॅक्रो फंक्शनच्या डिक्लेरेशनला लावाच, पण कॉलबॅकच्या टाइपडेफलाही लावा. नेमकं तेच राहून जातं. मग कंपायलर टाइप जुळत नाही म्हणतो आणि लोक कास्ट ठोकून त्याचं तोंड बंद करतात. तो कास्ट दिसला की काढून टाका.

दुसरं, प्रिंटएफसारखी कितीही आर्ग्युमेंट घेणारी फंक्शन्स बाहेर उघडी करू नका. एसटीडीकॉलला ती चालतच नाहीत, कारण किती बाइट काढायचे हे फंक्शनला कळणार कसं? ॲपल सिलिकॉनवर (मॅकमधल्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर) तर ठरलेली आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जातात आणि अशी जास्तीची थेट स्टॅकवर. डिक्लेरेशन चुकलं की हाती कचरा.

टाइप ठरलेल्या मापाचे घ्या. 64-बिट विंडोजवर लाँग 4 बाइटचा, लिनक्स आणि मॅकवर 8 चा.

पायथनच्या सीटाइप्समधून एसटीडीकॉल लायब्ररी उघडायला विनडीएलएल, सीडेक्लसाठी सीडीएलएल. रस्टमध्ये एक्सटर्न ‘सिस्टिम’ लिहिलं की 32-बिट विंडोजचा फरक तोच सांभाळतो.

64-बिट विंडोजवर एसटीडीकॉल लिहिलं तरी कंपायलर दुर्लक्ष करतो. तिथे पहिली चार आर्ग्युमेंट रजिस्टरमध्ये जातात, शिवाय स्टॅकवर 32 बाइटची जागा राखून ठेवावी लागते. लिनक्सवर पूर्णांक असतील तर सहा रजिस्टरमध्ये. असेम्ब्ली लिहीत नसाल तर यात डोकं घालू नका.

चाचणी मात्र 32-बिट विंडोज आणि ॲपल सिलिकॉन या दोन्हींवर घ्या. विंडोजवर व्हिज्युअल सीच्या डीबग बिल्डमध्ये आरटीसी1 पर्याय चालू ठेवा: कॉलनंतर ईएसपी (स्टॅकचा माथा दाखवणारं रजिस्टर) जागेवर नसेल, तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि दोषी ओळ समोर येते.