जुनी जीप घेताना या चुका टाळा

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बघायला गेलेला नवशिका आधी बॉनेट उघडतो. इंजिनाने आवाज बरा दिला की त्याचं मन तिथेच ठरतं. आधी गाडीखाली झोपायचं असतं. इंजिन उद्या बदलता येईल, पण चासी बदलली तर घेतली ती गाडीच उरत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ओळख न पटवता घेणं. दुसऱ्या महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली: विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोघींचे सुटे भाग एकमेकींना बसतात, आणि लष्करी कार्यशाळांनी इंजिनं, ॲक्सल, बॉडी सर्रास अदलाबदल केले. त्यामुळे आज दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या खिचडी आहेत. त्यात पाप काही नाही. पाप आहे ते खिचडीला अस्सल म्हणून विकण्यात.

नेहमीचा डाव असा. फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही 'एफ' उठवायची. विकणारा गाडी फोर्डची म्हणून असे पाच-पंचवीस बोल्ट दाखवतो, डॅशवरची नंबर-माहितीची चकचकीत पट्टी दाखवतो, आणि घेणारा हरखून सौदा करतो. पुढे कधीतरी बंपर उतरतो आणि रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा (क्रॉसमेंबर) गोल नळीचा निघतो. गोल नळी म्हणजे विलीजची चासी. फोर्डचा दांडा उलट्या 'यू' आकाराचा असतो. हे बघायला टॉर्च आणि दोन मिनिटं पुरतात. मग नंबर शोधा: जीपीडब्ल्यूचा डाव्या चासीच्या वरच्या अंगावर, इंजिन माउंटच्या आसपास ठोकलेला असतो, एमबीचा बंपरमागे, डाव्या चासीच्या आतल्या अंगाला लावलेल्या छोट्या पट्टीवर. डॅशवरच्या पट्ट्या पुरावा म्हणून धरू नका. त्या नव्या, कोऱ्या मिळतात आणि हवा तो आकडा त्यांवर ठोकता येतो.

पुढचं नऊ खाचांचं ग्रिल युद्धकाळातलं, सात खाचांचं 1945 पासूनच्या नागरी सीजे-2ए जीपचं. एवढं तरी पाठ करून जा.

जुन्या लँड रोव्हर सिरीज गाड्या घेणाऱ्यांची चूक वेगळी. बॉडी ॲल्युमिनियम मिश्रधातूची, म्हणून 'ही गंजत नाही' असं समजून चालतात. चासी आणि बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पोलादीच आहेत, आणि ॲल्युमिनियमला टेकलेलं पोलाद ओल धरून सडतं. मागचा क्रॉसमेंबर, आउटरिगर (चासीपासून बाजूला निघालेले, बॉडी पेलणारे हात) आणि पाय ठेवायची जागा छोट्या हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, रंगाचे पापुद्रे निघाले किंवा पॅचवर पॅच दिसला, तर चासीचं काम गृहीत धरूनच बोला. पुट्टी शोधायला चुंबक घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तो ॲल्युमिनियमला मुळातच चिकटत नाही.

आता दुखरी नस: युद्धकाळातल्या जीपची 6 व्होल्टची वीजव्यवस्था. स्टार्टर इंजिन मंद फिरवतो, गाडी लगेच सुरू होत नाही, की झालं, 12 व्होल्ट करा! हा उतावळेपणा आहे. तेवढ्याच कामाला 6 व्होल्टमध्ये दुप्पट अँपियर लागतात, त्यामुळे बारीक केबल आणि गंजलेला अर्थ (बॅटरीची गाडीच्या धातूशी असलेली जोडणी) लगेच नडतात. इग्निशन बंद ठेवा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लँपवर नव्हे), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि दुसऱ्या माणसाला पायाने स्टार्टर दाबायला सांगा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टर मोजा. रंग खरवडून अर्थ पट्टी नव्याने बसवा, 1/0 गेजची केबल टाका. बहुतेक वेळा रोग इथेच बरा होतो. 12 व्होल्टच्या नादात बल्ब, कॉइल, गेज सगळं बदलावं लागतं, आणि स्टार्टरचा बेंडिक्स (इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकणारं दातेरी चाक) फ्लायव्हीलवर आपटत राहतो तो वेगळाच.

रंग उडवायला थेट सँडब्लास्टिंग नको. बॉनेटच्या बाजूवर 400-600 नंबरचा ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. थरांखाली जुना लष्करी नोंदणी क्रमांक सापडू शकतो. आधी फोटो, मग पुढचं काम.

कागदपत्रांचा संग्रह करत असाल, तर या जीपचं अमेरिकी लष्कराचं 1944 चं टीएम 9-803 मॅन्युअल पुनर्मुद्रित भरपूर मिळतं. भिंगाखाली बघा: छायाचित्रांचे ठिपके एकमेकांत मिसळून काळे डाग दिसत असतील, तर ती बहुधा छापील प्रतीवरून काढलेली नक्कल. जेरी कॅन (इंधनाचा लष्करी डबा) वायर ब्रशने चकाकवू नका, तळाचा शिक्का आणि साल त्यातच पुसट होतात.

ब्रेक ड्रममधली धूळ कधीही कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये श्वासातून घातक ठरणारं ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

चाकांबद्दल दोनच गोष्टी. एमबी-जीपीडब्ल्यूच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. लांब पाना लावून नेहमीच्या दिशेने जोर केला की स्टड तुटतो आणि दोष गंजाला दिला जातो. आणि दोन भागांच्या कॉम्बॅट रिमवर दोन वर्तुळांत नट असतात: मधले पाच चाक हबला धरतात, बाहेरचे आठ रिमचे दोन भाग जोडून ठेवतात. बाहेरच्यांना हात लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडा. भरल्या टायरवर ते सैल केले तर रिम उडून अंगावर येते.