बंब येईपर्यंत: गावच्या आगदलाची तयारी

पूर्वी आग लागली की देवळातली घंटा बडवायची आणि विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागायची. भरल्या घागरींची एक, रिकाम्या परत नेणारी दुसरी. एकाच रांगेतून दोन्ही नेल्या तर पाणी थांबतं. आता महापालिकेचे आणि साखर कारखान्यांचे बंब आहेत, पण ते पाणंदीतून उसाच्या फडाजवळ पोचेपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो. तालीम आणि तरुण मंडळांतली 20 माणसं एवढ्यासाठी पुरतात, फक्त कामं आधी वाटलेली हवीत.

पहिला फोन 101 ला, दुसरा वायरमनला. फडावरच्या झोळलेल्या तारा वाऱ्यात घासून ठिणगी पडणं, हे ऊस पेटण्याचं नेहमीचं कारण. लाइन बंद झाल्याचं वायरमननं सांगितल्याशिवाय पाणी मारू नका.

पेटलेल्या फडात कुणीही शिरायचं नाही. वाळला पाला धडधडत पेटतो, वारा फिरला की सरीत माणूस कोंडतो. पेटलेलं वाचत नाही, शेजारचं वाचवा. रस्ता किंवा पाट ही हद्द धरा, तिथलं पाचट ओढून काढा, रोटाव्हेटर फिरवा, पलीकडच्या उसाची कड भिजवा. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उडत्या ठिणग्यांवर ओली पोती घेऊन दोघंतिघं लांबच ठेवा. अंगात जाड सुती कपडे हवेत; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

पाण्याचा हिशेब आधीच करा. 5,000 लिटरचा टँकर मिनिटाला 500 लिटर फेकणाऱ्या इंजिन पंपानं 10 मिनिटांत रिकामा होतो. फवारणीचा एचटीपी पंप मिनिटाला 30 लिटर टाकत असेल तर तेच पाणी अडीच तासांहून जास्त पुरतं, कड भिजवायला तोच बरा. विहिरीचं पाणी 7 मीटरच्या खाली गेलं असेल तर काठावरचा पंप ते ओढत नाही. बंबाचा होज 63 मिलिमीटरचा, त्याचं कपलिंग शेतीच्या पाइपला बसत नाही. जोड आधीच करून ठेवा. सराव गळीत हंगामापूर्वी, दसऱ्याच्या आसपास घ्या. तेव्हाच जुनं पेट्रोल आणि गळका फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) उघडे पडतात.

वैरणीच्या गंजीवर नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही, आग पोटात धुमसत राहते. गंजी दाताळानं फोडा, थर पसरा, एकेक थर भिजवा. मग ढिगात लोखंडी सळई खुपसून 10 मिनिटं ठेवा आणि काढून आतलं टोक हातानं जपून चाचपा. चटका बसला तर तिथं पुन्हा फोडा. रात्रभर दोघं राखणीला ठेवा.