बेसबॉलच्या मायनर लीगमधला तरुण बॅटर: आधी नजर, मग ताकद
सिंगल-ए मध्ये (मायनर लीगच्या खालच्या पायरीवर) नुकत्याच आलेल्या पोराचा स्विंग लगेच बदलायला जाऊ नका. आधी तो कोणत्या चेंडूंवर बॅट फिरवतो ते महिनाभर टिपून ठेवा. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल जेमतेम ०.४ सेकंदात प्लेटवर (बॅटरजवळच्या पाटीवर) येतो. निर्णयाला त्यातला निम्माच वेळ. म्हणून मशीनवर फास्टबॉल आणि स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) न सांगता मिसळा. काही फेऱ्यांत बॅट खांद्यावरच ठेवून फक्त ‘स्ट्राइक’ (मारण्याजोग्या टप्प्यातला) की ‘बॉल’ (त्याबाहेरचा) ओरडायला लावा. टी-वरचा (चेंडू ठेवायच्या खांबावरचा) देखणा स्विंग फसवा असतो, तिथे चेंडू हलतच नाही. उजव्या बॅटरची कंबर पुढचा पाय टेकण्याआधीच पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) उघडली, तर बाहेरचा स्लायडर शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) घरंगळतो. वरच्या डबल-ए मध्ये हे हमखास उघडं पडतं. तिथले पिचर ३-१ (तीन बॉल, एक स्ट्राइक) असतानाही ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) टाकतात.