पिकल्या केळ्याची भजी मऊ का पडतात? या चुका टाळा

कांदाभजी थोडी चुकली तरी चहासोबत संपतात. फळांच्या भज्यांचं तसं नाही. कढईतून काढताना छान सोनेरी, कडक दिसलेली केळ्याची भजी ताटात येईपर्यंत लुळी पडतात, वरचं आवरण एकीकडे आणि केळं दुसरीकडे होतं. मग दोष पिठाला दिला जातो, सोडा वाढवला जातो आणि पुढचा घाणा आणखी बिघडतो.

खरं तर पाणी बटाट्यातही भरपूर असतं. पण बटाटा शिजताना त्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो. फळाचं तसं होत नाही. पिकल्या केळ्यात जवळपास पाऊण भाग पाणी असतं, सफरचंदात आणि अननसात त्याहून जास्त. फळ तापलं की ते पाणी सुटतं आणि आतून आवरणाला भिजवत राहतं. त्यात भर साखरेची. साखरेमुळे भज्याला रंग फार लवकर चढतो. आवरणातलं पाणी अजून पुरतं उडालेलं नसतं, पण रंग बघून आपल्याला वाटतं, झालं. फळांची भजी बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे: रंगावर विसंबून भजी लवकर काढणं. बाकीच्या बहुतेक चुका याच एका चुकीला हातभार लावतात.

केळं कोणतं, किती पिकलेलं

इथेच दोन परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात, आणि दोन्ही बरोबर असतात. फरक केळ्याच्या जातीचा आहे.

बाजारात सर्रास मिळणारं लांब, पिवळं, जळगावकडचं केळं भज्यांसाठी घेणार असाल तर ते जेमतेम पिकलेलं हवं. साल पूर्ण पिवळी, देठाकडे हिरवट झाक असली तरी चालेल, पण सालीवर काळे ठिपके नकोत. ठिपके आले म्हणजे गर मऊ झाला, तेलात पडला की त्याचा लगदा होणार. वेलची केळी चवीला गोड असतात आणि आकाराने लहान. त्यांची भजी होतात, पण ती न कापता, फार तर मधोमध एकदा चिरूनच करावीत.

राजेळी केळ्याचा हिशेब उलटा आहे. वसईकडे ज्याची सुकेळी करतात तेच हे केळं. ते घट्ट गराचं असतं आणि पिवळं दिसत असतानाही आतून पिठूळ, किंचित तुरट लागतं. त्याची साल काळवंडू द्यायला हवी. बघणाऱ्याला केळं वाया गेलं असं वाटेल, तेव्हा ते भज्यांसाठी तयार होतं. केरळमधलं नेंद्रन केळं याच प्रकारचं. मुंबईत माटुंग्याला केरळी दुकानांत ते सहज मिळतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी प्लान्टेन घ्यावं आणि साल जवळजवळ काळी होईपर्यंत ओट्यावर ठेवून द्यावं. हिरव्या प्लान्टेनची भजी केली तर ती कच्च्या केळ्याच्या भज्यांसारखी लागतील, गोड भज्यांची मजा त्यात येणार नाही.

नेंद्रनची भजी म्हणजेच केरळची पळम पोरी. जानेवारी २०२० मध्ये रेल्वेच्या खाद्ययादीतून ती वगळली गेली तेव्हा केरळमधून एवढी ओरड झाली की ती यादीत परत घ्यावी लागली. पदार्थ साधाच आहे, पण त्यात केळं आडवं न कापता उभं चिरतात, आणि त्यामागे कारण आहे. गोल चकत्यांना दोन्ही बाजूंनी ओला काप असतो आणि त्या पटकन विरघळल्यासारख्या होतात. उभा काप एका अंगाला घट्ट राहतो, तेलात हाताळायला सोपा जातो. जाडी साधारण अर्ध्या बोटाची ठेवा. फार पातळ कापलं तर आत फळच उरत नाही, जाड कापलं तर आतलं पाणी जास्त वेळ सुटत राहतं.

आवरण सुटून येतं

चिरलेल्या फोडींवर साखर भुरभुरवून ठेवणं ही अनेकांची सवय असते. हेतू चांगला, पण साखर फोडींतलं पाणी ओढून बाहेर काढते. पाच मिनिटांत ताटलीत रस साचतो आणि मग त्या ओल्या फोडीवर पीठ ठरत नाही. गोडवा हवा असेल तर तळल्यानंतर वरून पिठीसाखर भुरभुरा.

फोडी पिठात बुडवण्याआधी स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या. अननसाला हे दोनदा करावं लागतं. मग प्रत्येक फोड कोरड्या तांदळाच्या पिठीत हलकी घोळवा आणि जास्तीची पिठी झटकून टाका. फोडीच्या अंगाला जेवढी धरेल तेवढीच पुरते. हा कोरडा थर फळाचा ओलावा शोषतो आणि भिजवलेल्या पिठाला धरून ठेवतो. ज्यांची भजी ‘सोलून’ निघतात त्यांनी फक्त एवढं एक करून बघावं.

आणि फोडी आधीपासून चिरून ठेवू नका. तेल तापत ठेवल्यावरच केळं सोलायला घ्या.

पीठ

दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे. एकीचे नियम दुसरीला लावले की गडबड होते.

आपल्याकडची पद्धत बेसनाची. एक वाटी बेसन, पाव वाटी तांदळाची पिठी, चिमूटभर हळद, मीठ, वेलचीपूड आणि एक टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन. हे पीठ पाणी थोडं थोडं घालत चांगलं फेटायचं, गुठळी ठेवायची नाही. फेटलेलं पीठ हलकं होतं, आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं तर बेसन नीट भिजतं. बेसन कच्चट लागतं अशी तक्रार असेल तर बहुतेकदा हा वेळच दिलेला नसतो.

केरळी पद्धत मैद्याची. एक वाटी मैदा, दोन-तीन चमचे तांदळाची पिठी, हळद, मीठ, दोन चमचे साखर. हे पीठ बेसनासारखं घोटलं तर आवरण चिवट होणारच, कारण मैद्यातलं ग्लुटेन घोटल्याने बळकट होतं. थंडगार पाणी घाला, ढवळायचं तेवढंच ढवळा. चार बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

दोन्हींमध्ये तांदळाची पिठी टाळू नका. तिच्यात ग्लुटेन नसतं, तेलही ती कमी पिते आणि आवरणाला खुसखुशीत नाही तर खरा कुरकुरीत कडकपणा देते. पिठी नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं. रवा मात्र मला या भज्यांत आवडत नाही, तो दाताखाली येतो आणि केळ्याचा मऊपणा झाकून टाकतो.

पीठ किती सैल हवं, हे मापात सांगता येत नाही, कारण प्रत्येक बेसन वेगळं पाणी पितं. चमचा पिठात बुडवून उलटा धरा आणि त्यावर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली आणि खालून पीठ सावकाश ओघळलं तर जमलं. रेघ लगेच भरून आली तर पीठ पातळ आहे: फोडीवर ठरणार नाही, तेलात पसरेल. पीठ ओघळतच नसेल तर आवरण जाड होईल आणि आतून ओलसर, कणकेसारखं राहील. फळाला पातळ, एकसंध थरच हवा.

साखरेबद्दल आणखी एक. बेसनाच्या पिठात वाटीला एखादा चमचा साखर पुष्कळ झाली. गूळ घालण्याचा मोह होतो, पण गुळाने आवरण काळपट आणि मऊ होतं. गूळ गुलगुल्यांत शोभतो.

सोडा

भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर सोडा ठीक आहे. पाव चमचा टाकलात की सगळं फिसकटतं. जास्त सोड्याने आवरणाला मोठी भोकं पडतात आणि त्या भोकांत तेल साचतं. शिवाय सोड्याने रंग लवकर गडद होतो, म्हणजे जी अडचण साखरेने आधीच आणलेली आहे तीच वाढते. भज्यांवर कुठे कुठे तांबडे ठिपके दिसतात ना, तेही सोड्याचंच काम: नीट न मिसळलेला सोडा आणि हळद यांची गाठ पडली की हळद लाल होते. सोडा घालायचाच तर अगदी शेवटी, तळायला बसताना घाला आणि नीट मिसळा. त्याऐवजी साध्या पाण्याच्या जागी फ्रीजमधलं सोडा वॉटर वापरलं तर हलकेपणा येतो आणि साबणासारखी चवही राहत नाही.

तेल आणि आच

थर्मामीटर असेल तर तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस ठेवा. नसेल तर पिठाचा एक थेंब सोडा. तळाशी जाऊन लगेच वर तरंगला तर तेल तयार. तळाशीच बसून राहिला तर गार आहे. पडताक्षणी वर येऊन लालबुंद झाला तर गॅस बारीक करा आणि मिनिटभर थांबा.

गार तेलात आवरण लवकर कडक होत नाही, फळाचं पाणी बाहेर येतं आणि तेल आत शिरतं. फार तापलेल्या तेलात बाहेरून करपतं, आत पीठ कच्चं. कांदाभजीपेक्षा आच किंचित कमीच हवी, कारण इथे साखर आहे. घाण्यात चार-पाच फोडींवर जाऊ नका. कढई भरून भजी सोडली की तेलाचं तापमान एकदम खाली येतं, आणि विजेच्या शेगडीवर ते लवकर परत वर चढत नाही. परदेशात कॉइलच्या शेगडीवर तळणाऱ्यांनी जाड बुडाची कढई घ्यावी आणि दोन घाण्यांच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट जाऊ द्यावं.

आता मूळ मुद्द्याकडे. भजी केव्हा काढायची?

फोड तेलात सोडली की भोवती मोठे, जोरात फुटणारे बुडबुडे येतात आणि चर्र आवाज होतो. ते बुडबुडे म्हणजे आवरणातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. मिनिटाभरात रंग येऊ लागतो, पण बुडबुडे अजून जोरात असतात. तेव्हा काढायचं नाही. गॅस किंचित कमी करा, भजी उलटा, झाऱ्याने तेलाखाली हलकेच दाबा. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, विरळ होतात, आवाज बसतो. झारा लावला की भजं मऊ न लागता टकटक लागतं. आता काढा. साधारण तीन ते चार मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कान उपयोगी पडतात. इतक्या वेळात रंग फार गडद होत असेल तर तेल जास्त तापलंय किंवा पिठात साखर जास्त झालीय, हे दोनच तपासा.

घरी पाहुणे असतील तर दोनदा तळा. पहिल्यांदा जरा कमी आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत, मग जाळीवर पाच-सात मिनिटं गार होऊ द्या. या वेळात आतला ओलावा आवरणात येतो. मग तेल १८५ अंशांच्या आसपास तापवून अर्धा-पाऊण मिनिट पुन्हा सोडा, तो ओलावा उडून जातो. अशी भजी बराच वेळ कडक राहतात.

ओल्या फोडीवरून तेल उडतं, म्हणून फोड तेलाच्या अगदी जवळून सोडा आणि कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद करा आणि वर झाकण ठेवा.

काढल्यावर

भजी तेल पितात ती मुख्यतः कढईत नव्हे, बाहेर आल्यावर. तेलात असताना आतली वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेलाला आत शिरता येत नाही. बाहेर काढलं की वाफ थंडावते, आत पोकळी होते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात धरून तेलावरच दोन-तीनदा झटका आणि मगच काढा. ती पहिली दहा-पंधरा सेकंदं महत्त्वाची.

काढून टिपकागदावर ढीग करणं ही पुढची चूक. खालच्या भज्यांना कोंडलेली वाफ लागते आणि ती सादळतात. लोखंडी जाळी किंवा पालथी चाळणी घ्या, भजी एकेक सुटी ठेवा. झाकण, डबा, कॅसरोल काहीही नको. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा तळत जावं आणि वाढत जावं, दुसरा इलाज नाही. पुन्हा गरम करायची वेळ आलीच तर ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ती चामट होतात. आणि कच्ची, पिठात बुडवलेली फोड एअर फ्रायरमध्ये टाकू नका, पीठ जाळीतून ठिबकून जातं.

केळ्याशिवाय

सफरचंद घट्ट आणि आंबटगोड घ्या, भुसभुशीत नको. फणसाचा कापा हवा. बरक्याचे गरे भज्यांसाठी नाहीत, त्याची सांदणं करा. अननस ताजा घ्या, पाकातल्या डब्यातला नको, तो पाकच सोडत राहतो. पिकल्या हापूसची भजी करणं मला पटत नाही: आंबा गरम तेलात आकार धरत नाही आणि त्याचा वासही जातो.

केळी आणलीत आणि तळायच्या दिवशी ती पारच मऊ झालेली निघाली, तर भज्यांचा हट्ट सोडा. कुस्करून त्यात गूळ विरघळवा, मावेल तेवढी कणीक, थोडा रवा, वेलची आणि चिमूट मीठ घाला, अर्धा तास मुरू द्या आणि मध्यम आचेवर गुलगुले सोडा. इथे गुळाचा गडद रंग हवाच असतो, आणि आतला मऊपणाही.